सांधा एकटा हलत नाही

फिजिओथेरपीच्या कामात रोज माणसांचे सांधे हाताखालून जातात. त्यातून उमजत गेलेलं थोडंसं.

१. हात वर जातो तो एकट्या खांद्याच्या जोरावर नाही. उखळीचा सांधा म्हणून सगळं श्रेय त्यालाच मिळतं. पण हात कानाशी न्यायच्या १८० अंशांपैकी साधारण १२० त्याचे. उरलेले ६० पाठीवरून सरकणाऱ्या फऱ्याचे. खांदा आखडलेल्या काकू वेणी घालू लागल्या की आधी फरा उचलला जातो, मग मान वाकते. अडलेल्याचं काम शेजारी मुकाट अंगावर घेतात, आणि पुढे तेही दुखू लागतात.

२. मोकळीक फुकट मिळत नाही. खांद्याची खोबण उथळ. म्हणून हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच निखळतोही लवकर. खुब्याची खोबण खोल. फिरणं बेताचं, पण अख्ख्या धडाचा भार तो पेलतो. दोन्ही उखळीचेच सांधे. कोणता चांगला, हा प्रश्नच मला आता पडत नाही.

३. गुडघा नुसती बिजागरी नव्हे. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगीचं हाड किंचित बाहेर वळतं आणि गुडघ्याला जणू कुलूप लागतं; म्हणून बराच वेळ उभं राहणं झेपतं. वाकताना ते उघडतो गुडघ्यामागचा एक लहानसा स्नायू. ते वळण तळहाताला जाणवलं की मी आजही थक्क होते.

४. मांडी घालता येत नाही, हा दोष दरवेळी गुडघ्याचा नसतो. आजोबा गुडघ्यावर हात ठेवून तक्रार सांगतात. मी आधी खुबा फिरवून बघते. मांडी बाहेर वळते ती तिथे. तिथेच अडलं, तर ओढ गुडघ्यावर येते.

५. सांध्याचं पोषण हालचालीतून होतं. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळतं ते मुख्यतः सांध्यातल्या वंगणातून, आणि ते मुरायला दाब पडावा लागतो, सुटावा लागतो. ‘दुखतंय, आता हलवायचंच नाही’ असं कुणी ठरवून टाकलं की म्हणूनच जीव कळवळतो. सूज असताना विश्रांती हवीच. पण ती ओसरली की सोसेल तेवढं हलवा, ही विनवणी मी प्रत्येकाला करतेच.