गाय खरोखर गाभण आहे काय?

रिसोड तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्यास उन्हाळ्यात कडबा व कुटार मोजून वापरावे लागते. गाभण समजून पोसलेली गाय चार महिन्यांनी रिकामी निघाली, तर चारा जातो आणि वेतही लांबते. "माज दिसला नाही, म्हणजे गाय फळली" ही समजूत विश्वसनीय नाही. निकस आहार किंवा मुका माज यांमुळेही माज दिसत नाही. उन्हाळ्यात म्हशींमध्ये असा मुका माज विशेष आढळतो.

हाताने तपासून गाभणपणाचा निर्णय साधारणतः दीड ते दोन महिन्यांनी देता येतो. ध्वनिलहरींच्या यंत्राने, म्हणजे सोनोग्राफीने, तो सुमारे ३० दिवसांत मिळतो. पशुवैद्य यंत्राची दांडी गुदाशयात धरतात. कानास ऐकू न येणाऱ्या लहरी गर्भाशयावर आदळून परततात व पडद्यावर चित्र उमटते. त्यात पाणी काळे, मांसल भाग करडा व हाड पांढरे दिसते.

गर्भाच्या वाढीचा क्रम

गाईच्या गर्भात पुढील अवयव सर्वसाधारणपणे या दिवसांच्या सुमारास दिसू लागतात :

२१ ते २५ दिवस : हृदयाचे स्पंदन.
२९ ते ३१ दिवस : पाठीचा कणा, पायांचे अंकुर व डोळ्याची खोबण. या वेळी गर्भ जेमतेम एक सेंटिमीटर लांब असतो.
३५ दिवस : गर्भास पोषण पुरविणाऱ्या वारेच्या गाठी.
४५ दिवस : दुभंगलेले खूर व गर्भाची हालचाल.
५३ दिवस : फासळ्या.

यांत हृदयाचे स्पंदन सर्वांत महत्त्वाचे होय. गर्भाशयात केवळ पाणी दिसणे पुरेसे नाही. स्पंदन दिसले तरच गर्भ जिवंत आहे असे समजावे. प्रारंभीच्या काळात काही गर्भ मरतात. म्हणून ६० दिवसांनी पुन्हा तपासणी करावी.

पशुपालकांनी काय करावे

१. कृत्रिम रेतनाची तारीख लिहून ठेवावी. तारखेवाचून गर्भाचे वय व वाढ ताडून पाहता येत नाही.
२. रेतनानंतर १८ ते २४ दिवस सकाळ-संध्याकाळ माजावर लक्ष ठेवावे.
३. जनावर रिकामे आढळल्यास कारण शोधून त्वरित उपचार करावेत. प्रत्येक चुकलेला माज म्हणजे २१ दिवसांची हानी होय.
४. तपासणीवाचून माजावर आणण्याचे इंजेक्शन कदापि देऊ नये. गाय गाभण असल्यास ती गाभडण्याचा संभव असतो.

ग्रामसेवकांनी गावातील रेतनाच्या तारखांची नोंदवही ठेवण्यास पशुपालकांना साह्य करावे आणि यंत्राची सोय कोठे आहे याची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० व म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा असतो. त्यातील पहिल्या महिन्यातच खरी स्थिती कळली, तर पुढील चाऱ्याचा हिशेब चुकणार नाही.