जुन्या मोटारीची पारख

जुनी वस्तू विकणाऱ्याला तिच्याविषयी जे ठाऊक असते, ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, हा व्यवहाराचा फार जुना अनुभव आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या अनुभवाला शास्त्रीय विवेचनाचे रूप दिले. त्यासाठी त्याने जे उदाहरण निवडले ते जुन्या मोटारींच्या बाजाराचे होते. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा : कोणती मोटार चांगली आणि कोणती सदोष हे ग्राहकाला ओळखता येत नाही, म्हणून तो सर्वच मोटारींना मध्यम किंमत देऊ करतो. ही किंमत चांगल्या मोटारीच्या मालकाला परवडत नाही व तो आपली मोटार विकावयास आणीत नाही. परिणामी बाजारात सदोष मोटारींचेच प्रमाण वाढत जाते. पुढे २००१ साली ॲकरलॉफला इतर दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे अज्ञान ग्राहकाला स्वतःच्या प्रयत्नाने कितपत दूर करता येते, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय. उदाहरणादाखल आपण बेंगळुरू शहर व तेथील मध्यमवर्गीय कुटुंबाची आवडती छोटी एसयूव्ही घेऊ. नोकरीनिमित्त तेथे राहिलेली अनेक मराठी कुटुंबे अशी मोटार तेथेच घेतात आणि काही वर्षांनी ती घेऊन पुण्यास किंवा बेळगावास परततात. त्यामुळे हा विषय महाराष्ट्रातील वाचकालाही परका नाही.

वाहनाचा प्रकार

छोटी एसयूव्ही हा प्रकार भारतात रूढ होण्यास करपद्धती बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क कमी करण्यात आले. लहान मोटार म्हणजे जिची लांबी चार मीटरपेक्षा अधिक नाही आणि जिचे इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० व डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटरपेक्षा मोठे नाही, अशी व्याख्या ठरली. या मर्यादेत राहून उंच बांध्याची, खडबडीत रस्त्यावर न घासणारी मोटार बनविण्याकडे उत्पादक वळले. फोर्ड इकोस्पोर्ट २०१३ साली, मारुती व्हिटारा ब्रेझा २०१६ साली, टाटा नेक्सॉन २०१७ साली, ह्युंदाई व्हेन्यू २०१९ साली आणि किया सोनेट २०२० साली बाजारात आली. आज जुन्या बाजारात दिसणाऱ्या बहुतेक छोट्या एसयूव्ही या पिढीतील आहेत. यांपैकी फोर्डने २०२१ साली भारतातील मोटारींचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. अशी मोटार स्वस्त मिळते. पण ती घेण्यापूर्वी सुटे भाग व दुरुस्ती यांची सोय आपल्या गावी आहे की नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

कागदपत्रांची साक्ष

परीक्षेचा आरंभ मोटारीपासून न करता कागदपत्रांपासून करावा. नोंदणी-प्रमाणपत्रावरील चासीचा क्रमांक व इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष वाहनावर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. चासीच्या क्रमांकाभोवतीचा पत्रा घासलेला किंवा नव्याने रंगविलेला असेल, तर व्यवहार तेथेच थांबविणे शहाणपणाचे. प्रमाणपत्रावर बँकेच्या कर्जाचा बोजा नोंदलेला असल्यास कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि नमुना ३५ मिळाल्याखेरीज पैसे देऊ नयेत. वाहनावर वाहतूक पोलिसांचा दंड थकला आहे काय, हेही तपासावे. अन्यथा दुसऱ्याच्या चुकांचा भार आपल्या डोक्यावर येतो.

विमापत्र हे तर एक बोलके कागदपत्र आहे. ज्या वर्षी विम्याची मागणी केली जात नाही, त्या वर्षानंतर मालकाला हप्त्यात सूट मिळते. ही सूट २० टक्क्यांपासून सुरू होऊन २५, ३५, ४५ व शेवटी ५० टक्क्यांपर्यंत वाढते. चार वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या मोटारीच्या विमापत्रात सूट शून्य दिसत असेल, तर मागील वर्षी काही नुकसानभरपाई घेतली गेली असण्याचा संभव आहे. ती कशासाठी घेतली, हे विकणाऱ्यास विचारावे व दुरुस्तीचे बिल मागावे. बिल दाखविण्यास जो कचरतो, त्याचे मौन हेही एक उत्तरच असते. ही सूट मालकाची असते, वाहनाची नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. मोटारीबरोबर ती ग्राहकाला मिळत नाही.

पाण्याची खूण

बेंगळुरूच्या बाबतीत पाण्याच्या प्रश्नाचा विशेष विचार करावा लागतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. समुद्राची खारी हवा नसल्यामुळे तेथील मोटारींचा पत्रा मुंबई वा गोव्यातील मोटारींच्या मानाने कमी गंजतो, आणि या गोष्टीची ख्याती विक्रेते आवर्जून सांगतात. परंतु याच शहरात एका तलावाचे पाणी ओसंडून दुसऱ्यात जावे अशी जुनी तलावांची साखळी आहे, आणि तिचे नाले अनेक ठिकाणी बुजले किंवा अरुंद झाले आहेत. २०२२ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालेल्या मुसळधार पावसात बेळ्ळंदूर, यमलूर, सर्जापूर रस्ता व बाह्य वळण-रस्ता या भागांत पाणी साचले. काही वसाहतींतील रहिवाशांना ट्रॅक्टर व नावांमधून बाहेर काढावे लागले, आणि तळघरांत उभ्या असलेल्या मोटारी बुडाल्या. २०२५ च्या मे महिन्यातही होरमावू येथील साई लेआउट व अन्य सखल भागांत अशीच स्थिती झाली.

बुडालेल्या मोटारीचे पुढे काय होते? दुरुस्तीचा खर्च विम्यात घोषित केलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक येत असेल, तर विमा कंपनी ती मोटार पूर्णतः निकामी झाली असे मानते व मालकाला भरपाई देते. मोटारीचा सांगाडा भंगार म्हणून विकला जातो. त्याची नोंदणी रद्द झाली नाही, तर तो धुऊन, रंगवून, नवीन गाद्या घालून पुन्हा बाजारात येऊ शकतो. ज्यांच्या मोटारीत थोडेच पाणी शिरले, ते मालक तर ती गोष्ट सांगतीलच असे नाही. अशा मोटारीत धोका केवळ पैशाचा नसतो. आधुनिक मोटारीतील ब्रेकची विद्युत-यंत्रणा व एअरबॅग बारीक तारांच्या जोडांवर अवलंबून असतात. हे जोड आतून गंजत जातात आणि महिन्यांनंतर, ऐन प्रसंगी, दगा देऊ शकतात.

पाणी आपली खूण मागे ठेवतेच. ती शोधण्यासाठी पुढील ठिकाणे पाहावीत.

१. आसनाचा पट्टा अखेरपर्यंत बाहेर ओढावा. गुंडाळलेल्या भागावर चिखलाचा डाग किंवा पाण्याची रेघ आढळल्यास पाणी तेवढ्या उंचीपर्यंत चढले होते असे समजावे.

२. पुढील आसनांखाली हात घालून त्यांचे रूळ व बोल्ट पाहावेत. चार-पाच वर्षांच्या मोटारीत तेथे दाट गंज असण्याचे सहसा कारण नाही.

३. पायाखालील गालिचा कोपऱ्यातून उचलून खालचा थर दाबून पाहावा. ओल व कुबट वास तेथे फार काळ टिकून राहतात. मोटारीत सुगंधाचा अतिरेक असेल, तर संशय अधिकच घ्यावा.

४. डिकीतील स्टेपनी बाहेर काढून तिच्याखालचा खळगा पाहावा, आणि फ्यूजची पेटी उघडून आत गाळाचे कण आहेत काय हे पाहावे.

५. इंजिनाला येणारी हवा गाळणारा फिल्टर काढून पाहावा. पाणी या मार्गाने इंजिनात शिरले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही व दट्ट्याचा दांडा वाकतो. अशा इंजिनाची दुरुस्ती अतिशय महाग पडते.

एखादी खूण एकटी सापडल्यास तिचे निराळे कारण असू शकते. दोन-तीन खुणा एकत्र सापडल्यास मात्र त्या मोटारीचा नाद सोडावा.

पत्रा, रंग आणि एअरबॅग

मोटार दिवसाच्या उजेडात, कोरडी असताना पाहावी. ओल्या पत्र्यावर रंगातील फरक दिसत नाही. दरवाजे, बॉनेट व डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या असाव्यात. बॉनेटच्या बोल्टवरील रंग उडालेला असल्यास ते कधीतरी उघडले गेले आहेत. प्रत्येक काचेवर उत्पादकाची व वर्षाची खूण असते. एकच काच निराळ्या वर्षाची असेल, तर ती का बदलली हे विचारावे. लहानसहान डेंटिंग-पेंटिंग हा शहरातील मोटारीचा दोष मानू नये. परंतु इंजिनाखालचे दांडे, छताचे खांब किंवा डिकीचा तळ येथे जोडकामाच्या खुणा दिसल्यास अपघात मोठा होता असे समजावे.

किल्ली फिरविताच एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. तो विझला नाही तर यंत्रणेत बिघाड आहे. तो लागलाच नाही, तर कोणीतरी तो बंद करून ठेवला असण्याची शंका येते, आणि ही दुसरी गोष्ट पहिलीहून वाईट. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत चाके जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा व जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग अनिवार्य झाली. त्यापूर्वीच्या स्वस्त आवृत्त्यांत या सोयी असतीलच असे नाही. कुटुंबासाठी मोटार घेणाऱ्याने हे वर्ष अवश्य ध्यानात ठेवावे.

किलोमीटर आणि तास

किलोमीटरचा आकडा पाहून समाधान मानण्याची चूक सर्रास होते. समजा, एक मोटार बेंगळुरूच्या गर्दीत सरासरी ताशी १५ किलोमीटर वेगाने ४०,००० किलोमीटर चालली. तिचे इंजिन सुमारे २,६६० तास फिरले. दुसरी हमरस्त्यावर सरासरी ताशी ५० किलोमीटर वेगाने ८०,००० किलोमीटर चालली. तिचे इंजिन १,६०० तासच फिरले. म्हणजे निम्मा आकडा दाखविणारी मोटार इंजिनाच्या दृष्टीने अधिक वापरलेली ठरते. सिल्क बोर्डच्या चौकात रोज उभ्या राहणाऱ्या मोटारीचा क्लचही लवकर झिजतो. एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज-६ डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ती स्वच्छ होण्यासाठी मोटार अधूनमधून सलग व वेगाने चालावी लागते. केवळ शहरात फिरलेल्या डिझेल मोटारीत ही गाळणी तुंबण्याचा संभव असतो.

आकडा खरा आहे काय, हे सर्व्हिसिंगच्या बिलांवरून कळते, कारण प्रत्येक बिलावर त्या दिवसाचा आकडा नोंदलेला असतो. टायरवरील चार अंकही उपयोगी पडतात : पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. २०२१ च्या मोटारीला २०२३ चे टायर असतील आणि आकडा मात्र १८,००० चाच असेल, तर ते का बदलावे लागले हे विचारणे रास्त आहे.

प्रत्यक्ष चालवून पाहताना इंजिन थंड असावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असल्यास पुन्हा दुसऱ्या दिवशी यावे. गर्दीचा रस्ता, चढ, गतिरोधक आणि मोकळा रस्ता या चारही ठिकाणी, निदान अर्धा तास, मोटार चालवावी. शेवटी आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून ती लिफ्टवर चढवून खालून पाहून घ्यावी. त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

मोल आणि हस्तांतरण

किंमत ठरविताना विमा व्यवसायातील घसाऱ्याचा तक्ता आधार म्हणून घेता येतो. त्यानुसार दोन ते तीन वर्षांच्या मोटारीला ३०, तीन ते चार वर्षांच्या मोटारीला ४० व चार ते पाच वर्षांच्या मोटारीला ५० टक्के घसारा धरतात. बाजारभाव याहून निराळा असतो. तथापि बोलणी कोठून सुरू करावीत हे या तक्त्यावरून समजते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला आणि नव्या मोटारी स्वस्त झाल्या. म्हणून विक्रेत्याने स्वतः दिलेल्या किमतीशी नव्हे, तर आजच्या नव्या किमतीशी तुलना करावी. टायर, बॅटरी, क्लच यांचा येऊ घातलेला खर्च त्यातून वजा करावा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये हस्तांतरणाची सूचना राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यावयाची असते. त्यासाठी नमुने २९ व ३० भरतात. हे काम लांबणीवर टाकण्यात विकणाऱ्याचेही हित नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मोटार प्रत्यक्षात हातोहात विकली गेली असली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक होय. मोटार महाराष्ट्रात कायमची आणावयाची असल्यास कर्नाटकातील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नव्याने नोंदणी करावी लागते आणि येथील कर भरावा लागतो. हा खर्च आधीच हिशेबात धरला नाही, तर स्वस्तात घेतलेली मोटार महाग पडते.

या सर्व परीक्षेला दोन-तीन दिवस लागतात. एवढा वेळ देण्यास विक्रेता तयार नसेल, किंवा आजच बयाणा द्या असा आग्रह धरीत असेल, तर ग्राहकाने नम्रपणे निरोप घ्यावा. बाजारात मोटारी पुष्कळ आहेत, आणि जिच्यात आपली मुले बसणार आहेत ती निवडण्यास उशीर झाला तरी चालतो.