शेजारी देश : कॅनडा आणि अमेरिका

नकाशात कॅनडा अमेरिकेच्या डोक्यावर आहे. दोन्हीकडं इंग्रजी चालते, म्हणून पुष्कळांना ते सारखेच वाटतात. पण अमेरिकेत रस्ता मैलात मोजतात, कॅनडात आपल्यासारखा किलोमीटरमध्ये. क्वेबेक प्रांतात तर फ्रेंच बोलतात. तिथला पदार्थ पुटीन, म्हणजे तळलेला बटाटा, वर चीजचे तुकडे आणि गरम रस्सा. मेपलच्या झाडाला भोक पाडून रस काढतात आणि गुऱ्हाळात आटवतो तसा आटवतात. सुमारे 40 लिटर रसाचा 1 लिटर पाक होतो! त्याच झाडाचं पान 1965 पासून त्यांच्या झेंड्यावर आहे.

मला गंमत वाटली ती सॉरीची. कॅनडावाले सारखे सॉरी म्हणतात, म्हणून अमेरिकेतले लोक त्यांना हसतात. ते स्वतःसुद्धा हसतात. ऑन्टॅरिओ प्रांतात 2009 साली कायदाच झाला, की नुसतं सॉरी म्हटलं म्हणून कोर्टानं चूक कबूल केली असं धरायचं नाही.