मत्स्यपेटीतील लाकडावरच्या जलवनस्पती : निगा आणि सावधगिरी

भिलाईच्या जुनवानीसारख्या वस्त्यांत घरगुती मत्स्यपेटीत जिवंत वनस्पती ठेवणाऱ्या नवशिक्यांसमोर दोन अडचणी असतात : खोलीतील अपुरा प्रकाश आणि वाळूत न रुजणारी रोपे. ड्रिफ्टवूडवर, म्हणजे पाण्यात मुरलेल्या लाकडावर वाढणाऱ्या वनस्पतींमुळे दोन्ही अडचणी दूर होतात.

वनस्पतींची निवड

पश्चिम आफ्रिकेतील अनुबियास बार्टेरी (नाना प्रकार), आशियातील जावा फर्न आणि जावा मॉस या तीन वनस्पती मंद प्रकाशात टिकतात. त्या सावकाश वाढतात. म्हणून खत व छाटणी कमी लागते. दिवसाला ६ ते ८ तास साधा एलईडी दिवा पुरेसा होतो. प्रकाश वाढविल्यास पानांवर शेवाळ चढते.

लाकडाची तयारी

लाकूड पूर्ण वाळलेले व कठीण असावे. रंग, तेल किंवा कीटकनाशक लागलेले लाकूड वापरू नये. ते एक-दोन तास उकळावे, म्हणजे भुंगेऱ्यांच्या अळ्या व बुरशी मरतात. नंतर एक-दोन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावे व पाणी बदलत राहावे. टॅनिनमुळे पाणी चहासारखे दिसते. त्याने माशांना सहसा अपाय होत नाही.

बांधणी

अनुबियास व जावा फर्नचे आडवे खोड वाळूत पुरल्यास कुजते. ते सुती दोऱ्याने लाकडावर सैलसर बांधावे. दोरा कुजेपर्यंत मुळे लाकडाला धरतात. मॉसचा पातळ थर पसरून त्यावर दोरा गुंडाळावा.

कीड की बीजाणू?

जावा फर्नच्या पानामागील तपकिरी ठिपके पाहून खवले किडीचा संशय येतो. ओळीने मांडलेले ते ठिपके बहुधा बीजाणूंचे पुंजके असतात. औषधाची गरज नाही. मत्स्यपेटीत कीटकनाशक कधीही वापरू नये. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधे माशांना व झिंग्यांना अत्यंत घातक आहेत. घरातील डासनाशक फवाऱ्यांतही याच गटातील औषधे असतात. म्हणून फवारणीपूर्वी पेटी झाकून हवेचा पंप बंद करावा आणि खोली हवेशीर झाल्यावर तो पुन्हा सुरू करावा. नवी रोपे दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवल्यास त्यांच्यासोबत आलेल्या गोगलगाई व चतुरांच्या अळ्या वेळीच दिसतात.

तलावाचे रक्षण

दुकानातील रोपांसोबत साल्व्हिनिया हे तरंगते नेचे अनेकदा येते. मूळ ब्राझीलमधील हे तण मध्य प्रदेशातील सारणीच्या सातपुडा जलाशयात पसरले. तेथे लोक त्यास ‘चायनीज झालर’ म्हणतात. त्याचा जाड थर पाण्यातील प्राणवायू व प्रकाश रोखतो. सिर्टोबॅगस साल्व्हिनिई हा सोंड असलेला भुंगेरा त्यावर प्रभावी ठरला आहे. हा भुंगेरा १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. मात्र त्याचे काम दिसण्यास अनेक महिने लागतात आणि तोवर मासेमारी ठप्प होते.

भिलाई-दुर्गचे नाले शिवनाथ नदीला मिळतात. भंडारा-गोंदियातील मामा तलावांवर ढिवर कुटुंबांची उपजीविका आहे. म्हणून मत्स्यपेटीतील छाटलेली रोपे नाल्यात किंवा तलावात टाकू नयेत. ती उन्हात पूर्ण वाळवून कंपोस्टमध्ये घालावीत. बदललेले पाणी गाळून कुंड्यांना द्यावे. लाकडाला बांधलेली वनस्पती आपल्या जागी राहते. तरंगती वनस्पती मात्र ओंजळभर पाण्यासोबतही बाहेर पडू शकते. हा फरक विस्तार कार्यकर्त्यांनी मत्स्यपेटी हौशींना व विक्रेत्यांना समजावून सांगावा.