राखणाऱ्यावर राखण

बाप पहाटे होडी घेऊन गेला, आई मासळी विकावयास मालवणच्या बाजारी गेली, म्हणजे घरातील मतिमंद लेकरू काकी, आजी अथवा शेजारीण यांच्या हाती राहते. बहुधा तो हात मायेचाच असतो. परंतु तो तसा नसला, तर त्या लेकराने गाऱ्हाणे कोणापाशी न्यावे? घास भरविणारा व मारणारा एकच!

हे भय घरापुरतेच नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील सरकारी गृहातील मतिमंद स्त्रियांपैकी ११ जणींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण सांगितले गेले. लोकांनी ओरड केल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. सांभाळणाऱ्याची सोय तेच सांभाळलेल्याचे हित, अशी समजूत झाली म्हणजे दया जुलुमाचे रूप घेते, असे आम्हांस वाटते.

तर आपण काय करावे?

पहिले, पाहावे. अंगावरील वळ, अकस्मात अन्न नाकारणे, एखादे माणूस दिसताच थरथरणे, ही न बोलणाऱ्याची भाषा होय. "त्याला काय कळते," म्हणून ती उडवून लावू नये.

दुसरे, सर्व भार एकाच हाती सोपवू नये. शेजारच्या दोन-तीन घरांनी पाळीपाळीने जाऊन बसावे. त्याने थकलेल्या माउलीस विसावा मिळतो, आणि वाईट मनाच्या माणसास एकांत मिळत नाही.

तिसरे, शिकवावे. केवळ आज्ञा पाळण्यास शिकविलेले लेकरू दुष्टाचीही आज्ञा पाळते. म्हणून "नको" म्हणण्यास, बोलता येत नसल्यास हात आडवा करण्यास, त्यास शिकवावे.

चौथे, कळवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम ७ प्रमाणे, छळ होत आहे असे मानण्यास कारण असलेला कोणीही मनुष्य कार्यकारी दंडाधिकाऱ्यास, म्हणजे आपल्या तहसीलदारास, कळवू शकतो. आपल्या ताब्यातील दिव्यांगास जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणाऱ्यास कलम ९२ प्रमाणे ६ महिने ते ५ वर्षे कैद होऊ शकते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्यास, २०१२ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांस कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्यच आहे. मुलांच्या साह्यासाठी १०९८ हा दूरध्वनी आहे.

"घराची अब्रू जाईल," असे म्हणून पुष्कळ जण गप्प राहतात. बंधुभगिनींनो, अशाने अब्रू झाकली जाते, पण लेकरू उघडे पडते. या आठवड्यात आपल्या वाडीतील अशा एका घरी जाऊन बसा, आणि निघण्यापूर्वी त्या लेकराशीच दोन शब्द बोला.