परिचारिका आणि एच. आय. व्ही. बाधितांची शुश्रूषा

औषधाचा शोध लागला म्हणजे कार्य संपले असे नव्हे. रोग्याचे पाऊल त्या औषधापर्यंत पोहोचावे लागते. एच. आय. व्ही.च्या बाबतीत या वाटेवरील मोठा अडसर म्हणजे लोकनिंदेचे भय होय. तो दूर करण्यात परिचारिकेचा वाटा कोणता, ते येथे पाहू.

हा विषाणू १९८३ साली पॅरिस येथील पाश्चर संस्थेत प्रथम वेगळा करण्यात आला. भारतात त्याची पहिली नोंद १९८६ साली मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई येथे झाली. तो मुख्यतः लैंगिक संबंध, बाधित रक्त व दूषित सुया यांतून, तसेच मातेकडून बालकास होतो. स्पर्शाने अथवा सहभोजनाने तो होत नाही.

तरीही प्रारंभीच्या काळात भीतीमुळे अशा रोग्यांना पुष्कळदा दूर ठेवले जाई. १९८३ साली सॅन फ्रान्सिस्को जनरल रुग्णालयात परिचारक क्लिफ मॉरिसन यांनी एड्सच्या रोग्यांसाठी स्वतंत्र विभाग उभारला. तेथे स्वेच्छेने आलेल्या परिचारिका रोग्यांना निःसंकोच स्पर्श करीत. त्यांच्या वागण्यातून इतरांचे भय ओसरू लागले.

मग परिचारिकेला धोका मुळीच नाही काय? आहे, परंतु अल्प. बाधित रक्ताची सुई टोचल्यास १,००० प्रसंगांपैकी सुमारे ३ प्रसंगी संसर्ग होतो. ७२ तासांच्या आत औषध सुरू करून ते २८ दिवस घेतल्यास हा धोका आणखी पुष्कळ घटतो. कोणाच्या रक्तात काय आहे, हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून रक्ताशी संबंध येणार असेल तेथे हातमोजे घालणे, हात धुणे व सुईची योग्य विल्हेवाट लावणे, ही दक्षता सर्व रोग्यांबाबत सारखीच घ्यावयाची असते. मग एकाच्याच खाटेवर निराळी खूण कशासाठी? तिने रक्षण होत नाही. गुपित मात्र फुटते, आणि दुखावलेला रोगी पुन्हा फिरकत नाही.

त्याने परत येणे तर अत्यावश्यक आहे, कारण हे औषध आजन्म घ्यावयाचे असते. ते नियमित घेतल्याने रक्तातील विषाणू चाचणीत न आढळण्याइतके घटले व तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. भारतात शासकीय केंद्रांतून हे औषध २००४ पासून विनामूल्य मिळू लागले. दक्षिण आफ्रिकेत २०१० पासून प्रशिक्षित परिचारिकाच हे उपचार सुरू करू लागल्या. त्यामुळे ते गावागावांतील दवाखान्यांत पोहोचले.

भारताच्या २०१७ च्या कायद्याने भेदभावास मनाई केली असून, चाचणीपूर्वी संमती घेणे व रोग्याची माहिती गुप्त राखणे बंधनकारक केले आहे. परंतु कायद्याचा प्रत्यय रोग्याला येतो तो परिचारिकेच्या शब्दांतून आणि स्पर्शातून.