शरदातल्या चहाला घाई चालत नाही

मे महिन्यात टोकियोतल्या दुकानांवर शिनचाच्या, म्हणजे हंगामातल्या पहिल्या चहाच्या, पाट्या लागल्या आणि तू हौसेनं पाकिटं घेऊन आलीस. छानच केलंस. कोवळ्या पानाचा तो हिरवा वास वर्षातून एकदा नाकात भरून घ्यावाच. पण जपानी चहाची खरी गोडी कळते ती आत्ता, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, असं माझं ठाम मत आहे. आता चहाच्या दुकानात गेलीस की ‘कुरादाशीचा’ आहे का, एवढं विचार. पान वसंतातलंच, पण उन्हाळाभर थंड जागी बंद ठेवून शरदात बाहेर काढलेलं. लोणचं आपण घातल्या दिवशी वाढत नाही, मुरू देतो, तसंच हे. नव्या पानाचा उग्रपणा निवतो आणि चव भरीव होते.

ही काही आजची टूम नव्हे. जपानचा शोगुन तोकुगावा इएयासु उतारवयात सुन्पूला, म्हणजे आजच्या शिझुओकाला, राहत होता. तो चहा बरण्यांत भरून इकावाच्या डोंगरात, हजार मीटरहून उंचावरच्या कोठारात ठेवायला लावायचा आणि शरदात खाली आणवायचा. शिझुओकात आजही त्याची आठवण म्हणून बरण्यांची मिरवणूक निघते. चहाविधी करणाऱ्यांकडेही नोव्हेंबरात जमिनीतली चूल उघडतात, बरणीचं तोंड फोडतात आणि आतली पानं दगडी जात्यावर दळून माच्चा करतात. त्यांचं नवं वर्ष तिथूनच सुरू होतं.

आता पाण्याकडे लक्ष दे, कारण सगळं पाण्यात आहे. आपल्या हाताला चहा उकळायची सवय. इथं ती सोड. नळाचं पाणी झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं खळखळू दे, म्हणजे क्लोरीनचा वास जाईल. मग ते थेट पानांवर ओतू नकोस. आधी रिकाम्या पेल्यांत ओत. भांडं बदललं की पाणी साधारण दहा अंशांनी उतरतं, पेलेही गरम होतात आणि किती पाणी लागेल याचं मापही आपोआप होतं. पेल्यांतलं पाणी आणखी एका भांड्यात फिरवलंस की ते पाऊणशेच्या आसपास येतं. सेंचाला, म्हणजे रोजच्या हिरव्या चहाला, तेवढं पुरे. पानातली गोडी, ते थेआनिन, कोमट पाण्यातही सुटतं. कडवटपणा आणि तुरटपणा मात्र कढत पाण्यात भराभर उतरतो. चहा कडू झाला तर पानाला नावं ठेवण्याआधी पाणी किती गरम होतं ते आठव.

दोघांना पाच-सहा ग्रॅम पानं किटलीत घे. पाणी ओतलंस की झाकण लावून मिनिटभर थांब. किटली हलवू नकोस, ढवळू तर मुळीच नकोस. ओततानाही एक पेला भरून मग दुसरा, असं करायचं नाही. थोडं ह्यात, थोडं त्यात, मग उलट क्रमानं परत. म्हणजे दोघांना सारखाच चहा मिळतो. आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत किटली तिरकी धरून ठेव. सगळा अर्क त्या थेंबात असतो, शिवाय आत पाणी उरलं तर पानं त्यात भिजत राहतात आणि दुसरा घाणा कडू होतो. ओतून झालं की झाकण जरा सरकवून ठेव, म्हणजे पानं वाफेत शिजणार नाहीत. दुसऱ्या वेळी पाणी थोडं जास्त गरम घे आणि दहा-पंधरा सेकंदांत ओतून टाक.

फ्रीजमध्ये ठेवलेला चहाचा डबा बाहेर काढल्या काढल्या उघडायचा नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेव. गार पानांवर हवेतला दमटपणा बसतो आणि चार दिवसांत चहा मेल्यासारखा होतो. आदल्या रात्री काढून ठेव, सकाळी उघड.

मेमधल्या पाकिटांतला उरलेला चहा जुना झाला म्हणून टाकू नकोस. कोरड्या तव्यावर, अगदी मंद आचेवर, तवा हलवत भाज. आधी गवताचा वास येईल, मग शेंगदाणे भाजल्यासारखा. पानं तपकिरी झाली आणि धूर सुटेलसं वाटलं की लगेच ताटात पसर, नाहीतर तव्याच्या धगीनंच करपतात. हा झाला तुझा घरचा होजिचा. त्याला पाण्याचे कसलेच लाड नाहीत. कढत पाणी, अर्धा मिनिट, बस्स. सोबत चेस्टनटचं कुरीकिंतोन मिळालं तर उत्तमच.

दिवाळीला पुण्याला कुणी निघालं तर आईसाठी बान्चाचा, म्हणजे जून पानांच्या चहाचा, होजिचाच पाठव. सेंचापेक्षा त्यात कॅफिन कमी, त्यामुळे तिला रात्री जेवणानंतरही चालेल. बोअरचं जड पाणी घेऊ नकोस म्हणावं, त्यात चव दबते. आणि पहिला पेला तरी बिनदुधाचा, बिनसाखरेचा घे, असं मी सांगितलंय म्हणून सांग.